आधी चोर, मग आई

हॅलो? परगण्याचा तुरुंग, लेफ्टनंट अर्लीन बोलतेय…

अगं ओडील, तू होय! मग मोबाईलवर करायचास ना… लागत नाहीये? लागणार कसा, सगळा परगणा एकाच वेळी एकमेकांना विचारतोय, जाताय की राहताय… हं, बोल पटकन.

किती?… बारा? बारा माणसं कशाला?

वाळूच्या गोण्या. हो, कळलं. अगं पण आज सगळ्यांनाच माझी माणसं हवीत. सकाळी चर्चवाले, मग पाण्याच्या टाकीवाले, आत्ताच शाळेचा फोन येऊन गेला. एरवी आमचे कैदी दिसले की लोक गाडीच्या काचा वर करतात, आणि वादळ आलं की सगळ्यांना तेच पाहिजेत… नाही गं, तुला नाही बोलत. तू बहीण आहेस, तुला सहा देते… बरं, आठ. आठाच्या वर एक नाही. तुझ्या वृद्धाश्रमाला दारं आहेत किती, दोन. दोन दारांना आठ माणसं पुरे झाली.

दुपारी पाठवते. कर्टिसला देते बरोबर, तो बाकीच्यांना बसू देत नाही… हो, तोच. कोळंबीच्या बोटीवाला… अजून आतच आहे. मेव्हण्याच्या बोटीच्या काचा फोडल्या म्हणून आला, तो अजून जजसाहेबांच्या समोरसुद्धा गेलेला नाही. मंगळवारची तारीख होती. आता मंगळवारी कोर्टच बंद… हसतेस काय? माझ्याकडचे अर्ध्याहून जास्त कच्चेच कैदी आहेत. काही केलंय की नाही तेच अजून ठरायचंय.

आईचं काय म्हणालीस?… रुसली? का?… गम्बोच्या रश्शात बटाट्याची कोशिंबीर नाही घातली म्हणून? मग घाल ना!… पथ्य! वादळ दाराशी आलंय आणि तुझं पथ्य. ओडील, ती बाई नव्वदीला टेकलीये, खाऊ दे तिला बटाटा.

हो, टीव्ही इथेही चालूच आहे. नोएमी नाव ठेवलंय या वादळाचं. आपल्या मावशीचं… हो ना! तशीच येणार बघ, न सांगता आणि मुक्कामाला.

बरं, तू तुझ्या लोकांना हलवतेस कधी?… परवा सकाळी? अगं परवा दुपारनंतर ते किनाऱ्याला लागतंय म्हणतात.

हं… हं… हो, ते आठवतं मला. म्हातारे मिस्टर प्रेजाँ. बसमध्येच गेले… आणि वादळ आलंच नाही, वळून गेलं. हो गं, कळतं. त्या माणसांना हलवणं म्हणजे काचेचं सामान. उगाच हलवायचं नाही, नक्की झाल्यावरच हलवायचं… नाही, चूक नाहीये तुझं. मी असते तर मीही थांबले असते.

बसेस सांगून ठेवल्यास ना पण?… कोणाच्या?

युलीसच्या? कुठल्या युलीसच्या?… आपल्या?

थांब. अगं ऐक ना… ओडील, ऐक. युलीसच्या बसेस मी सांगितल्यात. तुरुंगासाठी… अगं माझ्या योजनेत त्याचंच नाव आहे! पहिल्या पानावर! हात मिळवलाय त्याने माझ्याशी, इस्टरला, त्याच्या अंगणात, ते चिखलातले झिंगे उकडले होते ना तेव्हा…

तुझ्याशीही? तिथेच?… त्याच दिवशी? अरे देवा. म्हणजे मी टेबलाच्या या टोकाला आणि तू त्या टोकाला, आणि तो मधे झिंगे सोलत दोघींना हो म्हणतोय.

किती सांगितल्या तुला?… चार. मलाही चारच. आणि आहेत त्याच्याकडे किती?… बरोबर. त्याच चार.

नाही, लबाड नाहीये तो. त्याला नाही म्हणता येत नाही, एवढंच. इतकी वर्षं सगळ्यांना हो म्हणायचं आणि वादळाने वळून जाऊन त्याची अब्रू राखायची, असं चाललंय त्याचं. आता नोएमी मावशी काही वळायचं नाव घेत नाहीये.

दुसरीकडून? कुठून दुसरीकडून? किनाऱ्यावरचं जे जे चाकावर चालतं ते सगळं गेलं. मी सकाळीच चौकशी केली होती, लाँड्रीच्या गाड्यासुद्धा गेल्या.

काय?… परत म्हण जरा.

…‘तुझ्या चोरांआधी आपली आई.’

मी कुठे म्हटलं आई नको म्हणून? माझी नाहीये का ती?… आवाज तू चढवलास आधी. मी आहे तशीच बोलतेय… नाही, कैद्यांना वरच्या मजल्यावर ठेवून भागणार नाही. कारण आमच्या इमारतीला वरचा मजला म्हणजे माझं ऑफिस आणि कागदांचं कपाट!

ओडील, मी तिथे होते. मागच्या मोठ्या वादळात. पेपरात आलं ते तू वाचलंस, मी आतलं सांगते. जनरेटर बुडाला. दारं विजेवरची. पाणी कमरेला आलं आणि मी बाहेरून किल्ली फिरवतेय, ती फिरेचना. कुलपं गंजलेली, वर्षानुवर्षं कोणी किल्ली लावूनच बघितली नव्हती, बटण दाबलं की उघडायचं ना सगळं… वाचले, हो. सगळे वाचले, शेवटी गज कापून काढले. पण तोवर ते ज्या आवाजात हाका मारत होते… मला नावाने, अगं. ‘मिस अर्लीन, मिस अर्लीन.’ अजून न्हाणीघरात पाणी सोडलं की मला ते ऐकू येतं. मी परत तिथे तशी उभी राहणार नाही. मला भीती वाटते, बस. लेफ्टनंट असले म्हणून काय झालं.

नाही, रडत नाहीये… असू दे. तू नको आता सुरू करू.

…बर्नेल, दार लोट रे जरा. आणि त्या ट्रकवाल्याला सांग, पाच मिनिटं थांब म्हणावं… नाही गं, तुला नाही, इथे हवालदाराला.

बरं ऐक. भांडून बसेस वाढत नाहीत. मला मोठ्याने बोलू दे, तू चूक पकड. वरच्या परगण्यातल्या तुरुंगाने मला जागा ठेवलीये. उद्या संध्याकाळपर्यंतच, त्यानंतर किनाऱ्यावरचे बाकीचे येऊन पडतील आणि मग ते दार लावून घेतील. उद्या पहाटे माझे निघाले, चारही बसमध्ये दाटीवाटीने… बसतात, एका खेपेत बसतात. दुपारी तिथे. माणसं उतरवली की बसेस लगेच मागे. जाताना गर्दी, पण येताना रस्ता मोकळा, वादळाकडे तोंड करून कोण येतंय? रात्रीपर्यंत बसेस तुझ्या दारात उभ्या. तू परवा उजाडताच निघ.

उलट?… आधी तुझे? आधी तुझे म्हणजे तुला उद्याच हलवावं लागेल, तेच तर तुला नकोय. आणि परवा तुझे जाऊन बसेस परत येईपर्यंत खाडीवरचा पूल बंद झालेला असेल. वारा वाढला की ते पूल बंदच करतात. मग माझे राहिले… हो. म्हणजे तेच. दुसरा कुठलाच क्रम जमत नाही. तुझ्या लोकांना थांबायचंय, माझ्या लोकांना थांबता येत नाही.

हो. आधी चोर, मग आई. म्हण, म्हण एकदा, म्हणजे घशाखाली उतरेल.

…हसलीस ना? बरं झालं.

नाही अगं, घोडं दुसरीकडेच अडलंय. शेरिफची सही. आमचा बाबिनोसाहेब म्हणतो, भिंती काँक्रीटच्या आहेत, कैदी कुठे पळून जात नाहीत, परवापर्यंत बघू. निवडणुकीचं वर्ष. वादळ वळलं तर लोक म्हणतील कैद्यांना सहलीला नेलं, आणि… हो, आणि नाही वळलं तर तो कुठे त्या कोठडीत असणार आहे? मी दोनदा जाऊन आले त्याच्याकडे. दुसऱ्यांदा त्याने मला कॉफी पाजली आणि माझ्या तब्येतीची चौकशी केली.

…थांब. थांब थांब थांब.

ओडील, तुझ्याकडे त्या बागेकडच्या खोलीत कोण आहे? गुलाबी पडदेवाली… मिस लेओना. मिस लेओना म्हणजे बाबिनोची आई ना?

तू कर त्याला फोन.

मी नाही. मी केला तर ती कैद्यांची गोष्ट होते. तू केलास की त्याच्या आईची गोष्ट होईल… खोटं कुठे सांगायचंय? जे आहे ते सांग. बसेस चार, उद्या पहाटे तुरुंगाकडून निघाल्या तरच परवा मिस लेओनासाठी परत येतात. थापा मारायची गरजच नाहीये, हेच तर बरंय.

आत्ता कर. तुझ्या टेबलावरच्या दुसऱ्या फोनवरून. हा ठेवू नकोस, बाजूला उघडाच ठेव. ऐकू दे मला.

……

लागला?… अगं हवापाणी काय विचारतेस त्याला, टीव्हीवर दिसतंय सगळ्यांना हवापाणी… हं, आता आली मुद्द्यावर… हां, असंच. मिस लेओनाचं नाव आधी घे… कैद्यांचं नंतर… नंतर गं… घेतलंसच!

गेलं. आता तो काँक्रीट सांगेल… सांगितलं ना? मला तुझ्या गप्प बसण्यावरून कळतं.

बर्नेल, बस तू पण. ऐक. माझी बहीण साहेबांना कोंडीत धरतेय… नाही, अजून सुटतोय तो.

कोणाला बोलावतेस?… ओडील! त्या म्हातारीला फोन देतेस तू?

…अगं बाई. काय आवाज आहे या वयात! बर्नेल, इथपर्यंत ऐकू येतंय… काय म्हणतेय… ‘टी-बॉय’? शेरिफला घरी टी-बॉय म्हणतात, म्हणजे छोटू? सव्वाशे किलोच्या माणसाला?… हसू नकोस रे, मलाही येतंय… शू… ‘टी-बॉय, तू जन्माला येतानाही उशीरच केला होतास…’ ‘…त्या मुलींनी हिशेब करून ठेवलाय आणि तू काय बघत बसलायस…’ ‘…आणि त्या पोरांनाही आया आहेत.’

……

हो. हो, आहे मी. बोल ना. काय म्हणाला?

हो म्हणाला? उद्या पहाटे? नक्की?… नाही, माझा विश्वास आहे तुझ्यावर, त्याच्यावर नाही. सही करून माणसाबरोबर कागद पाठव म्हणावं… पाठवतोय? आईच्या समोर कबूल केलंय? मग पाठवेल.

अजून काय म्हणाला?… पायात बेड्या. हं… नाही, ते मी बघते त्याच्याशी. हातात घालीन, पायात नाही. त्या पुलावरून पायात बेड्या घालून मी कोणाला नेणार नाही. बस घसरून पाण्यात गेली तर मी काय एकेकाचा पाय शोधत बसू?… तू नको मधे पडू, तुझं काम झालं. फार मोठं काम झालं, ओडील.

…काय? अजून काय?

सीटा पुसून हव्यात तुला?

काय लागलंय गं त्यांना? दुपारी वाळूच्या गोण्या उचलताना चालतात, मग… बरं. बरं, नाही चिडत. म्हाताऱ्या माणसांना खोकला-बिकला लगेच होतो, मान्य. पुसून देईन… कोण पुसणार म्हणजे? तेच पुसतील. उतरताना प्रत्येकाने आपापली सीट पुसायची, हातातल्या बेड्या काढल्यावर. घरच्यापेक्षा स्वच्छ मिळतील तुला.

कोण बोलतंय मागे?… आई? दे तिला. दे ना.

आई! हो, मीच… हो, जेवले. तू?… घातला का बटाटा शेवटी? बघ, तुझी मोठी लेक ऐकते तुझं… हो, वादळ. नोएमी. मावशीच ती, मी पण तेच म्हटलं… तुला बस परवा सकाळी. युलीसची… नाही, मी नसेन तुझ्या बसमध्ये. मी उद्याच्या बसमध्ये… हो, आई. चोरांच्या.

कर्टिस? येतोय दुपारी तुझ्याकडे, गोण्या घेऊन. त्याला खाऊ देऊ नको फार, काम करत नाही मग तो… हो, त्याच बसने जाणार उद्या. त्याच चार बसेस आहेत… कुठली सीट?… डाव्या बाजूची, खिडकीची. का, डावीच का?… तिथून खाडी दिसते. बरं. सांगते त्याला. उद्या तो बसेल त्या सीटवर, पुसून ठेवेल, आणि ती तुझी… हो, तुझ्यासाठीच जागा धरून ठेवलीये म्हणून सांगते त्याला. आई, शाल घे बरोबर. आणि गोळ्यांची पिशवी ओडीलकडे नको, तुझ्याच मांडीवर… हॅलो? आई?… हॅलो?

…गेली लाइन.

बर्नेल, ट्रकवाल्याला सोड, आठ जण आणि कर्टिस. हो, कर्टिस धरून आठच… आणि तू तिकडे जायच्या आधी ती तेलाची बाटली आण खालून. किल्ल्यांचा जुडगा मी घेते. मधे अजून एक रात्र आहे ना रे. एकेक कुलूप हाताने उघडून बघायचं, सगळ्यांच्या समोर. त्यांनाही दिसू दे, उघडतंय म्हणून.