पाह्यलेलं का मनचं?

माही गोष्ट लिहून घेता त आधी मोठीमायचं नाव लिहा भाऊ, माहं मागून लिहा. सुभद्राबाई. माह्या बाबाच्या मोठ्या भावाची बायको, म्हणून मोठीमाय. मी रांगत होतो तवाच माही माय गेली, त तिनंच मले वाढवलं. सेलूच्या पलीकडे आमचं गाव, वांगे, मेथी, सांबार लावाचं अन् बाजारात नेऊन बसाचं, हेच घराण्याचं काम. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. आमच्या घरात पहिला बीए मी झालो, वर्ध्याच्या कॉलेजातून, अन् भिंतीवर पदवीचा फोटो लागला तो तिनंच लावला, खिळा बी तिनंच ठोकला. बाबा म्हणे फोटो वाकडा झाला, ती म्हणे राहू द्या, पोट्टा सरळ हाय.

मंग पुण्याले गेलो, सरकारी परीक्षेच्या अभ्यासाले. काय सांगू तुमाले, दरवेळी यादीत नाव नाई, अन् शेवटच्या वेळेपासून माहं बसणंच गेलं. बसलो का छाती धडधडे, पुस्तक उघडलं का अक्षरं मुंग्यावानी पळत, चालत राह्यलो तरच बरं वाटे. घरी आलो तरी तेच. एक पोळी बसून खाता येत नव्हती मले. घरून फाट्यापर्यंत, फाट्यावरून घरी, पुन्हा फाट्यापर्यंत. पानठेल्यावरचे पोट्टे म्हणत, निघाले साहेब राउंडाले. वर्ध्याच्या डॉक्टरनं गोळ्या देल्या, त्या अजून चालू हायेत, खोटं कायले सांगू.

तवा मोठीमायची नजर गेलती. साखरेनं. अंगणात खाटेवर बसून राहे अन् माह्या पायाचा आवाज ऐके. एक दिवस म्हणते, काऊन रे गजू, अंगण झिजवतं का माहं? चालाचंच हाय त वावरापर्यंत चाल, अन् काय दिसते ते मले येऊन सांग. मी गेलो, आलो, सांगितलं, सगळं हिरवंगार हाय. ती हसली. म्हणे, हिरवंगार त रेडिओवाला बी सांगते, त्यानं कुठं माहं वावर पाह्यलं? मेथीवानी हिरवं का वांग्याच्या पानावानी? पान ताठ हाय का लोंबून राह्यलं? जाय परत.

परत गेलो. पान पाह्यलं, पण घरी येईपर्यंत ध्यानातून निघून जाय, माहं डोकं म्हणजे एसटी स्टँड झालतं, सारा गलबला अन् गाडी एकही थांबत नाई. म्हणून कागद नेला. अन् लिहाचं म्हणजे बसा लागते ना भाऊ! विहिरीजवळ जांभूळ होतं, मोठीमाय सून म्हणून आली तवा तिनंच लावलेलं. त्याच्या बुडाशी बसलो. वांग्याच्या पानाले बारके काटे असतात, फूल जांभळं, खाली मान घालून राह्यते, नव्या नवरीवानी. मिरचीच्या सरीत टिटवीनं अंडे घातलते, मातीच्याच रंगाचे, मी जवळ गेलो त डोक्यावर येऊन ओरडे. हे लिहिता लिहिता ध्यानात आलं, छाती उगी हाय. जराकच वेळ. पण उगी होती.

संध्याकाळी वाचून दाखवलं. टिटवीचं ऐकून मोठीमाय म्हणते, ती सरी निंदू नका. बाबा म्हणे गवत माजन. ती म्हणे माजू द्या, तिच्या घरी बाळंतपण हाय.

मंग उन्हाळ्यात पीक निघालं, वावर खाली झालं. मी म्हटलं, आज काईच नाई दिसलं. ती म्हणे, नाई दिसलं त मनचं सांग. पण पहिले सांगजो, पाह्यलेलं हाय का मनचं. आंधळीले फसवू नको, बस. तवापासून मी मनचं बी लिहाले लागलो. टिटवी अन् तिचा नवरा भांडून राह्यले, रोही, म्हणजे तुमची नीलगाय, बाजारात सांबार विकाले बसला, असं कायबी. मोठीमाय हसून हसून लोळे, अन् मधातच थांबवे, रोही भाव काय लावते ते सांग ना रे!

थांबा भाऊ, दोन फेऱ्या मारून येतो. एका दमात सांगणं अजून जमत नाई.

हं. बसलो.

यंदा तिच्या पायाची जखम चिघळली. नागपूरले नेलं, तिच्या पोरीकडे, ज्योतीताईकडे. दवाखान्यात पायाची बोटं काढली. अन् इकडे वादळ आलं, जांभूळ उन्मळून विहिरीवर पडलं. मी पाह्यलं अन् माहे पाय पुन्हा फाट्याकडे सुटले. ताईचा फोन आला, आईले सांगू नको, त्या झाडात जीव हाय तिचा, साखर वाढन, सगळं बरं हाय म्हण. मंग मोठीमायनंच फोन घेतला, आज काय पाह्यलं रे? मी म्हटलं रेंज नाई, अन् ठेवून देला. काय करू, सांगा तुमी. सांगावं त तिच्या जिवाले काय होईन, अन् नाई सांगावं त माह्या कोणत्या शब्दाले ती पाह्यलेलं मानन? त्या शब्दावरच त मी उभा होतो. जेवण जाईना, गाव झोपलं तरी माह्या फेऱ्या चालूच. शेवटी पडलेल्या खोडावर जाऊन बसलो अन् ताईले फोन केला. तिनं शिव्या देल्या, मंग रडली, मंग म्हणे लिही, मी वाचून दाखवीन, डॉक्टर जवळ असताना. हे घ्या, तेच पत्र. माह्याजवळ नक्कल हाय.

मोठीमाय,

पाह्यलेलं सांगतो. तुझं जांभूळ पडलं. वादळात. मुळं वर आली, माणसाच्या उंचीची, त्याले धरलेली माती अजून ओली हाय. विहिरीचा कठडा एका अंगानं फुटला. कोणाले लागलं नाई. जांभळं कच्चीच होती, सारी खाली पसरली, बकऱ्या खाऊन राह्यल्या. बाबा कुऱ्हाड घेऊन आले अन् फांदी न तोडता नुसते बसून राह्यले. मी खोडावर बसून लिहून राह्यलो. मधात दोनदा उठून फेऱ्या मारल्या. पण बसलो हाय.

एक मूळ अजून जमिनीत हाय. ते जगन का नाई मले माहीत नाई, म्हणून सांगत नाई.

आता मनचं. तू एसटीनं आली, फाट्यावर उतरली, काठी टेकत टेकत वावरात आली, खोडाले हात लावून पाह्यला. मंग माह्या बाजूले बसली अन् म्हणे, सरक तिकडे, आता दोघाले पुरते इतकी जागा झाली.

हे मनचं हाय. तू येजो, म्हणजे पाह्यलेलं लिहीन.

तुझा गजू