गव्हाणीतली मेथी

दगडाबाई : हळू ढकला. चाकाची खुर्ची हाय ही, बैलगाडी न्हाई.

आश्रुबा : ढकलतोय कुठं? उतारानं आपोआप चाललीय. उंबऱ्याम्होरं मुरूम टाकून चांगला ठोकलाय. पुढं सगळ्या फरश्या हायती, चाक रुतायचं न्हाई.

दगडाबाई : मी माजलगावला लेकीकडं पायाची जखम भरायची वाट बघत बसले, आन तुमी हिकडं अख्खं अंगण उकरलं. कावून एवढा खटाटोप? उद्या आपला प्रवीण येतोय मला पुण्याला न्यायला. माझी बॅगसुदीक भरून झाली.

आश्रुबा : बॅग रिकामीबी करता येती. म्होरं बघ की.

दगडाबाई : ही तर बैलाची गव्हाण.

आश्रुबा : बैलं इकल्यापास्नं मोकळीच पडलीती. कडब्याच्या जागी माती भरली. वावरातली काळी माती आन कुजलेलं शेणखत, चाळून घेतलंय. तुला आता खाली बसता येत न्हाई, मंग मातीच वर आणली.

दगडाबाई : लई भुसभुशीत दिसती. काय पेरलंय?

आश्रुबा : काय न्हाई.

दगडाबाई : एवढं सगळं केलं आन पेरलं न्हाई?

आश्रुबा : ह्या घरात भाजीची पैली मूठ कुणाची असती? आईनं तुझ्या हातात बी दिलतं, तवापास्नं दुसऱ्याचा हात लागला न्हाई. मी कसा पेरू? हे घे मेथीचं बी. तुझ्याच गाडग्यातलं हाय.

दगडाबाई : द्या. …हात पुरंना वो.

आश्रुबा : आजून सरक म्होरं.

दगडाबाई : कुठं सरकू? गुडघा भिंतीला लागतोय. एक पाय कापला, दुसरा हाय की आजून. माप कसं घेतलं तुमी?

आश्रुबा : प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. माझा हात तर पार मधापस्तोर जात हुता.

दगडाबाई : पाय फाकून बसला असाल, पारावर बसल्यावाणी.

आश्रुबा : तसाच बसलतो. तेवढं ध्यानात न्हाई आलं.

दगडाबाई : ऱ्हाऊ द्या. चला आत. लेक अंजू म्हणती, प्रवीणच्या बिल्डिंगीत लिफ्ट हाय, खुर्ची कुठंबी जाती. बसूनच खायचं, तर हितं काय आन तिथं काय. उगं तुमचे हात माझ्यात गुतवून ठिवायचे.

आश्रुबा : मोकळे हात घिऊन मी काय करू?

दगडाबाई : मला काय म्हाईत.

आश्रुबा : तू न्हाईस तर घर खायला उठतंय. परवा मीच वडगावच्या बाजारातनं मेथी आणली. निवडता येईना. काड्यासकट शिजवली, तशीच खाल्ली. जाऊ दे त्या मेथीचं. मला करमत न्हाई तुझ्याबिगर. झालं समाधान?

दगडाबाई : जलम गेला तुमच्यासंगं, आन आज बोलला.

आश्रुबा : तू जायाची येळ कवा आलती?

दगडाबाई : पहार कुठंय?

आश्रुबा : गोठ्यात. कावून?

दगडाबाई : गव्हाणीच्या बुडाला अख्खी फरशी हाय, मी सारवायची तवा हाताला लागायची. ती धरंल माती. तिच्या खालची म्होरची भिंत मधनं काढा. माझा गुडघा आत गेला पायजे.

आश्रुबा : बापानं बांधलीय ती.

दगडाबाई : मामंजींनी बैलासाठी बांधलती. बैलं हायती का आता? सून हाय त्यांची. त्यांनी तर तुमच्या आधी पहार उचलली आसती.

(पहारीचे घाव बराच वेळ वाजतात. मग दगड बाजूला सारल्याचा आवाज. चाकं फरशीवरून सरकतात.)

आश्रुबा : लागतंय का कुठं?

दगडाबाई : न्हाई. गेली आत. सरका, सावली पडतीय तुमची.

आश्रुबा : पुरतोय हात?

दगडाबाई : पलीकडच्या कडंला लागला बघा. माती चांगली केलीय. …झालं पेरून. आता वरनं पाणी शिंपडा. धार सोडू नगा, बी उघडं पडंल. आन प्रवीणला फोन लावा.

आश्रुबा : काय सांगू त्याला?

दगडाबाई : सांगा, मेथी उगवंस्तोवर आईला सवड न्हाई.

आश्रुबा : आन उगवल्यावर?

दगडाबाई : मंग ती खुडायची कुणी?