किलोमागं गोळी

आमी जत तालुक्यातलं, पार कर्नाटकाच्या कडंचं, घरात निम्मं मराठी निम्मं कानडी, आन वाडवडलांपास्नं मेंढरं. माझं नाव बिराप्पा, पर वस्तीवर समदी मला डॉक्टर म्हणत्यात. शाळा सातवी, तरी डॉक्टर, काय सांगू तुम्हाला! जंताचं औषध पाजायचं म्हटलं की मलाच बोलावणं. आकड्याचा काटा माझा, पिचकारी माझी, मेंढरू टांगायचं, वजन बघायचं, किलोमागं इतकं औषध, झालं. आन कळपातल्या सगळ्यात जड मेंढराच्या मापानं समद्यास्नी पाजायचं, वाईच जास्ती गेलं तर चालतं, कमी गेलं तर जंत मरत न्हाईत. ह्या एवढ्या अकलेवर म्या माझ्या लेकीला औषध दिलं बघा.

आरती माझी एकुलती. सात वर्साची असताना तिची वाढच थांबली. दाराच्या चौकटीवर म्या कोळशानं रेघ मारायचो, वरीस झालं तरी रेघ तितंच. अंग गार, गळा सुजल्यागत, बसंल तितं पेंगायची, आन मी शहाणा म्हणतोय, पोरगी शांत हाय. बायको कस्तुरी म्हणाली, आवं शांत कुठली, विझायला लागलीया ती. तिनंच पोरगी हितं सांगलीच्या दवाखान्यात आणली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आन सांगितलं, शरीराची राखण करणारी ताकदच हिच्या गळ्यातल्या थायरॉईडच्या ग्रंथीवर उठलीया. मला लगीच उमजलं, राखणीचं कुत्रंच आपल्या कोकरावर गेलं म्हणायचं. ग्रंथी जे बनवत न्हाई ते गोळीतनं द्यायचं. तवा वजन अठरा किलो, रोज सकाळी उपाशीपोटी पन्नास मायक्रोग्रॅमची एक गोळी, वर अर्धा तास दूध न्हाई, च्या न्हाई. दोन महिन्यांत पोरगी कोकरांमागं पळाय लागली, रेघ बी वर सरकली.

दोन वर्सं गेली. औंदा तपासणीची तारीख आली आन नेमकी मेंढरं व्यायला लागली होती. म्हटलं, दोन एष्ट्या बदलत कशाला जायचं, माझ्यापाशी काटा हाय की! घोंगड्याची झोळी केली, लिंबाला टांगली, आत आरती. ती हसून हसून बेजार, म्हणती, आप्पा, मेंढरागत कानात बिल्ला तेवढा मारू नगासा. सत्तावीस किलो. अठराला एक, तर सत्तावीसला दीड. आन अर्धी गोळी मोडत कोण बसतंय, जास्ती गेलं तर चालतंय, दोन! कस्तुरीला म्हटलं, डॉक्टरीणबाईंचा फोन आलता, दोन द्या म्हणाल्या. फोन कसला न् काय.

आन पोरगी जी उठली! दोन वर्सांमागं जागची हलंना अशी होती ती आता जागंवर ठरंना. मी वस्तीभर मिरवतोय, बघा रं, औषध कसं लागू झालं. तीन तीन भाकरी खायची, हाताला घाम, झोप उडाली. शाळेतल्या बाईंनी निरोप धाडला, आरती बाकावर बसत न्हाई, अक्षर थरथरतंय. मी म्हटलं, हुशार पोरं अशीच असत्यात.

महिन्यानं म्हटलं अजून वाढवावी का काय, म्हणून पुन्हा काटा काढला. पंचवीस! दोन किलो कमी. मी खुळ्यागत काट्याकडंच बघतोय, काटा बिघडला म्हणून त्याला टिचक्या मारतोय. मग तिला उचलून खाली घ्यायला गेलो तर छाती हाताला लागली. आवं, म्या जल्मभर मेंढरं छातीशी धरली, लांडगा पाठी लागून सुटलेलं कोकरू कसं धडधडतं ते माझ्या हाताला ठावं हाय. ती नुसती झोळीत बसली होती.

कस्तुरीला समदं सांगितलं. तिनं कोनाड्यातल्या गोळ्या घेतल्या, पदरात बांधल्या, म्हणाली, चला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी कुणी वाढवली? म्हटलं, म्या. तुम्ही काय करता? मेंढरं राखतो. बाई मग म्हणाल्या, वजन आम्हीही बघतो, पण मूल मोठं होतं तसं किलोमागं औषध कमी लागतं. नुसत्या काट्यावर ठरत नाही, रक्त तपासून ठरतं. जास्त झालं की काळजावर ताण येतो. मी मान खाली घालून उभा, तर आरती म्हणती, बाई, तेवढा ह्यांचा काटा जप्त करा. बाई हसल्या, मला हसता येईना. थोडं दिवस गोळी बंद, मग पुन्हा एकच, आन सहा आठवड्यांनी रक्त.

ते आज दिलंय. म्हणून तर हितं बाकड्यावर तुमचं डोकं खातोय. चार वाजता तपासणीचा कागद मिळणार हाय. चारदा उठलो, दारात जाऊन आलो, कस्तुरी म्हणती, बसा की आता, तुमी कवा खाल्ल्या दोन गोळ्या?

आता गोळीची डबी आरतीकडं. सकाळी ती गोळी घेती, मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा. मग ती माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवती, आप्पा, बघा. आज सकाळी बी ठेवला. सावकाश हुतं. पर माझ्या हातावर माझा इस्वास न्हाई, कागद येऊ दे. तुमी दाखवाय आणलेलं लेकरू बी सुखात ऱ्हावं. आन कागदासाठी बाई हाक मारतील तवा मला उठू देऊ नगा, आरतीला जाऊ द्या.