कोंबडीचे एकवीस दिवस

हॅलो?... हॅलो, कौशल्याताई! अवं कुठी होती वं तू? सात वेळा फोन लावला मी, सात वेळा!

...नदीवर? आन् मोबाईल घरी? धन्य आहे बापा तुम्हा खाप्याच्या लोकांची!... हाव, जय भीम, जय भीम. सगळे बरे आहेत. ऐक नं आधी. चार निघाले! तू दिलेल्या बदकाच्या अंड्यातून चार पिल्लं निघाले वं! पिवळेधमक!

...काल. काल सकाळपासून एकेक, एकेक. आमची खुडूक कोंबडी तर अशी पाहून राहिली त्यांच्या चोचीकडे, जसं शेजारणीचं लेकरू कोणी तिच्या मांडीवर आणून टाकलं... हाव नं! हासू नको, हासू नको वं, हासायची वेळ नाही. पाचवं अडकलं.

...अडकलं म्हणजे अडकलं! काल दुपारी भोक पाडलं त्यानं, चण्याएवढं. मी म्हटलं, आता निघते. रात्र गेली, सकाळ गेली, साडेअकरा वाजले, भोक तेवढंच! आन् कोंबडी उठली नं. चौघांले घेऊन गेली आंगणात. हे एकटं टोपल्यात. थंड पडून राहिलं होतं ताई, म्हणून मी उचललं. आता मांडीवर घेऊन बसली आहे, स्वयंपाकखोलीत, फरशीवर.

...स्पीकरवर नाही होत, स्पीकर खराब आहे. खांद्यात धरला मोबाईल, मान वाकडी करून बसली. तू बोल.

...भोक कोणत्या बाजूनं? थांब, पाहते... निमुळत्या. निमुळत्या बाजूनं आहे... काहून? उलटं आहे?... म्हणजे पायाळूच झालं हे! आता वं?

...हाव, आतली झिल्ली दिसते. कांद्याच्या टरफलासारखी. पांढरी नाही, भुरकट. वाळली... मंग काय, पंचेचाळीस डिग्री आहे नागपुरात! धुतलेली साडी दहा मिनिटांत वाळते इथं.

...कूलर? चालू आहे नं. टोपलं कूलरसमोरच ठेवलं होतं. कोंबडीले गर्मी नको म्हणून... ओरडू नको वं! मले काय माहीत, अंड्याले वारा लागते म्हणून? कोंबडी किती खूश होती!... बंद. हे पाह्य, बंद केला. आता मीच उकडून राहिली.

...कोमट पाणी. आहे. कापूस पण आहे... थेंब थेंब. भोकात नाही, कडेनं. नाकात नाही गेलं पाहिजे. समजलं... नाक कुठी असते वं बदकाचं?... चोचीवरच? दिसलं! टाचणीनं टोचल्यासारखे दोन भोकं. किती बारीक आहेत वं ताई!

...सोलते. नखानं. कपाळावरच्या टिकलीएवढा तुकडा, त्याच्याहून मोठा नाही. हाव... निघाला एक... दुसरा... निघाला! अवं नरम पडली झिल्ली! सुटून राहिली! चोच दिसली पूरी! चोचीच्या टोकावर पांढरा दाणा आहे... तो दाणाच त्याचं हत्यार? त्यानंच फोडते? वाह रे पठ्ठ्या!

अजून थोडं काढते, फक्त हे एवढं... ताई! रक्त! रक्त आलं वं!... केसाएवढी लाल रेघ, झिल्लीत... मी काय केलं हे... थांबली. थांबली मी! हात काढला!... दाबू? कापसानं?... हळूच दाबलं. हाव... हाव... थांबलं. थांबलं वाटते.

...अर्धा तास? अर्धा तास काहीच नाही करायचं?... हं... रक्त अजून त्याच्या अंगात जायचं आहे. आन् बलक पोटात... बरं. तसं सांग नं मंग, मी घाई नाही करत.

...गंजात गरम पाणी, वर चाळणी, चाळणीवर ओला फडका, त्याच्यावर अंडं. वरून कपडा, पण चोचीपाशी मोकळं... अवं उकडायचं नाही, माहीत आहे मले! गॅस बंद आहे. पाण्यात बोट घालून पाहिलं.

ठेवलं... नको नको, फोन ठेवू नको! पाया पडते तुझ्या. अर्धा तास मी एकटी बसली तर माझा हात नाही राहत जागेवर. नाहीच राहत, मले माहीत आहे.

...हे? हे कळमन्याच्या बाजारात गेले. आंब्याच्या गाड्या उतरवून राहिले. सकाळी म्हणत होते, सोड वं वंदना, चार निघाले, तुले पाच कायले पाहिजेत?

ताई... एक सांगू? शिव्या दे, पण फोन ठेवू नको. ते सहावं अंडं... मी तुले म्हटलं होतं नं, नासकं निघालं?... नासकं नव्हतं. मी फोडलं. बाविसाव्या दिवशी.

...हाव, तू अठ्ठावीस म्हटलं होतं. ऐकलं होतं मी. मले वाटलं, बदक बसलं तर अठ्ठावीस. बसली तर कोंबडी आहे! आपल्या मायची कोंबडी एकविसाव्या दिवशी पिल्लं काढत होती, आपण दोघींनी पाहिलं नाही का? मी कोंबडीचे दिवस मोजले वं. अंड्याचे नाही मोजले. एकवीस झाले, काहीच नाही. बाविसाव्या दिवशी म्हटलं, एक फोडून पाहते, खराब असले तर कोंबडीले कायले उपाशी बसवू...

जिवंत होतं. डोळे मिटले होते. हातावर हाललं एकदा. मंग नाही हाललं... मले लाज वाटली तुले सांगायची. तू एवढ्या हौसेनं बसमध्ये मांडीवर डबा धरून आणले होते ते अंडे... रोज भांडे घासताना आठवते ताई. हे पण माझ्याच हातून गेलं तर मी कधीच हात नाही लावणार कोणत्या पिल्लाले.

आता दे शिव्या.

...काय? तुझ्याही हातून?... कधी?... तीन पिल्लं? तीन!... आन् एवढ्या वेळची मलेच झापून राहिली! आधी सांगितलं असतं तर मी रडली नसती नं एकटी... हाव, तू पण नाही सांगितलं कोणाले. समजलं. समजलं वं.

...पंचवीस मिनिटं झाले. नाही, हालून नाही राहिलं. आवाज पण नाही... टिचकी? हळूच?... मारली. काही नाही ताई. चोच उघडी आहे, पण काही नाही. सकाळी चिकचिक करत होतं.

...ऐक, तू बोलाव नं त्याले. संध्याकाळी नदीवरून बदकं बोलावते तशी... काहून म्हणजे? अठ्ठावीस दिवस कोंबडीचीच कटकट ऐकली त्यानं, बदकाची बोली एकदाही नाही. तुले येते, मले येत नाही... शेजारी हासतील तर हासू दे! खाप्यात सगळे ओळखतात तुले! जोरात. मी मोबाईल अंड्यापाशी धरते... हं, धरला.

...

ताई! ताई! बोललं! अवं बोललं वं! चिक् केलं! ऐकलं तू? अजून बोलाव, अजून!

...हालून राहिलं! टवका उडाला!... नाही, मी नाही लावला हात, मोबाईलच आहे दोन्ही हातात! फिरून राहिलं आतल्या आत, गोल... जिथं जिथं फिरते तिथं तिथं फोडून राहिलं! लाथ मारली! मार बापू, मार अजून! ताई, आर्धं टरफल उचललं त्यानं! पंख आला! बोटाच्या पेराएवढा पंख!

आलं! आलं ताई, बाहेर आलं!... पडलं. मान टाकली त्यानं. ओलंचिंब आहे. हालत नाही... ताई, हालत नाही वं!... पोट? पोट पाहते... खालीवर... होऊन राहिलं! खालीवर होऊन राहिलं! थकलं? नुसतं थकलं?... जीवच गेला होता माझा.

...नाही, रक्त नाही. बेंबी साफ आहे, बलक गेला आत... पुसत नाही. हातावर घेते... घेतलं. गरम आहे ताई. किती गरम आहे वं! काळीज तर बोटाले लागून राहिलं, ठकठक ठकठक... डोळा उघडला! एकच. माझ्याकडे पाहून राहिलं!

...हाव, रडून राहिली. मंग? तू नाही रडून राहिली का? तुझा आवाज ऐकू येते मले.

...कोंबडीपाशी ठेवू? ठेवीन वं, संध्याकाळी, सुकलं की. पाचही सोबत देईन तिच्या पंखाखाली. आता नाही. आता डोळा मिटला त्यानं... नाही, नाही, श्वास आहे. झोपलं. तळहातावरच झोपलं.

...हाव... हाव, हळू बोलते... अवं हळू बोलली तरी दचकून राहिलं ते. तुझाही आवाज जाते त्याच्यापर्यंत... नाही वं, तू झापलं त्याचा राग कायचा? सांगायचं लय आहे, पण मंग. ठेवते मी, ताई... त्याले झोपू दे.