दोन रंगांचा ग्लास

भुसावळच्या बसस्थानकावर माझ्या शेजारी बापलेक बसले होते. चाळीसगावला मुलगी पाहायला निघाले होते.

“आबा, मी हॉटेलात मॅनेजर आहे म्हणून सांगा.”

“आणि खरं काय करतो, सुपडू?”

“बारमध्ये बियर देतो. एकाच ग्लासात खाली पिवळी बियर, वर काळी. चमच्याच्या पाठीवरून हळू ओतली की दोन रंग वेगळे राहतात.”

“मिसळत नाहीत?”

“हात हलला तर मिसळतात. शिकायला सहा महिने लागले.”

“तू पितो?”

“नाही, आबा. तुम्ही माळकरी, म्हणून सांगायचं धाडस झालं नाही.”

आबांनी गळ्यातली माळ चाचपली.

“लग्न ठरवताना तुझ्या आईच्या माहेरी आम्ही पाच एकर केळी सांगितली होती. होती दोन एकर. ती कधी बोलली नाही, पण मला अजून लागतं. या पोरीला खरं सांगू.”