केळीच्या आडोशाने

खोटं वाटेल तुम्हाला, पण केळीच्या टेम्पोपायी मी पैज हरलोय!

आमच्या सायकल ग्रुपची जळगाव ते फैजपूर पैज लागली होती. शेवटी पोचेल त्याने सगळ्यांना कचोरी खिलवायची. माझी नवीकोरी गिअरची सायकल, आणि आमचे नाना त्यांच्या जुन्या कॅरिअरवाल्या सायकलवर. निघताना मी चिडवलंच, "नाना, ते कॅरिअर तरी काढा, फुकटचं वजन!" नाना नुसते हसले.

वारा समोरून असा, की पायडल हलेना. तेवढ्यात केळीने भरलेला टेम्पो पुढे आला. मी त्याच्या आडोशाला घुसलो आणि काय सांगू, सायकल उडायलाच लागली! बाकीचे पार मागे पडले.

अचानक टेम्पो कडेला थांबला. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "काय रे भो, केव्हाचा मागे लागलाय! केळी पाहिजे होती तर आवाज द्यायचा ना!"

"नाही हो भाऊ, मी तर वारा..."

"लाजतो काय? घरच्या मळ्यातली आहेत!" अख्खा घड माझ्या हातात देऊन गडी गेलासुद्धा!

घड हँडलला अडकवला, तर सायकल आडवी. ग्रुप हात हलवत पुढे गेला. शेवटी नाना आले. त्यांनी घड कॅरिअरवर ठेवला, ट्यूबने आवळला आणि निघाले. वारा तोच, म्हणून मी गुपचूप त्यांच्या आडोशाला.

फैजपूरला मी शेवटचा. नानांनी घडाची एक कच्ची फणी कापून माझ्या हातात ठेवली.

"घे बाबा. सगळा रस्ता केळीच्याच मागे आलास ना!"