आदल्या दिवशीचे पाइप

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी हाताला पट्टी बांधलेले एक शेतकरी आणि त्यांचा मेहुणा बसले होते.

"भाऊजी, ऊस पेटला कसा?"

"विजेच्या तारांची ठिणगी पडली."

"वीज तर सकाळपासूनच गेली होती."

"मग कुणीतरी विडी टाकली असेल."

"तुमच्या तोडीचा नंबर दीड महिन्यावर होता ना?"

"हो. पण जळका ऊस कारखाना आधी तोडतो. भाव कमी देतो, पण उभा वाळण्यापेक्षा बरं."

"आणि ठिबकचे पाइप? ते वितळले असतील."

"नाही, वाचले."

"ताई म्हणाली, आदल्या दिवशीच गुंडाळून ठेवलेत."

"तुझ्या ताईच्या तोंडात तीळ भिजत नाही!"

"त्या वेळी वारा होता?"

"नव्हता. का रे?"

"काही नाही. उद्या जरा माझेही पाइप गुंडाळायला या."